स्ट्रेचर येईपर्यंत हलायचं नाही

आमच्या घरात आपत्ती रोज संध्याकाळी सायकलवरून येते. माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, वरच्या मजल्यावर राहते आणि चहा मात्र माझ्याकडे पिते. तिला आईबापांनी एक चांगलंसं नाव ठेवलेलं आहे, पण कॉलेजच्या स्वयंसेवक पथकात शिरल्यापासून तिच्या तोंडी दुसरा शब्द नाही. आपत्तीपूर्व तयारी, आपत्तीनंतरची तयारी, आपत्तीच्या वेळची मानसिकता. शेवटी एकदा तिच्या बापानंच जिन्यातून खाली ओरडून विचारलं, "आपत्ती आली का घरी?" आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता तीही त्या नावाला ओ देते.

मी शिवणकाम करते. तळमजल्यावर पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत आम्ही तिघं: मी, नवरा आणि आमची मुलगी. मुलीला आम्ही बटण म्हणतो. रांगत होती तेव्हा फरशीवर सांडलेली बटणं शोधून गालात धरायची आणि कितीही दरडावलं तरी तोंड उघडायची नाही. आता तिसरीत आहे आणि शाळेत अजूनही तोंड उघडत नाही. बाईंनी काही विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत बसते. पण सांगितलेलं ऐकते. इतकं ऐकते की कधीकधी मलाच भीती वाटते. एकदा "इथे उभी राहा, मी आलेच," म्हणून मी दोऱ्याची रिळं आणायला गेले आणि दुकानदारणीशी बोलत बसले. परत येऊन बघते तर बाईसाहेब भर उन्हात तशाच उभ्या. चार पावलांवर झाडाची सावली होती. तिकडे सरकायचं मी सांगितलं नव्हतं ना! शाळेच्या प्रगतिपुस्तकात याला 'आज्ञाधारक' असं म्हणतात आणि त्याखाली लाल शाईनं रेघ मारतात.

ही शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या काठाला आहे. रस्ता वर, शाळा खाली. पायऱ्या उतरून आत जायचं, मग आणखी थोड्या उतरून खालच्या ओळीतले वर्ग, आणि बटणचा वर्ग त्या खालच्या ओळीत. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या सगळ्या तमाशात माझा जीव कुठे टांगलेला होता ते लक्षात राहील.

तर आपत्तीबद्दल. पथकात ती गेली ती जादा गुणांसाठी. खोटं कशाला बोला, सगळेच त्यासाठी जातात. पण बाकीची मुलं हजेरी लावून पसार व्हायची आणि ही येडी सगळं मनावर घ्यायची. भगवं जाकीट, गळ्यात शिट्टी, खांद्याला पिशवी. जाकिटं पथकानं एकाच मापाची आणली होती, ते कुणाचं माप होतं देव जाणे. तिचं जाकीट मी दोन्ही बाजूंनी आत घेतलं तेव्हा कुठे ती त्यात दिसायला लागली.

मग घरावर प्रयोग सुरू झाले. प्रत्येक घरात एक आपत्कालीन पिशवी हवी, म्हणून तिनं माझ्याकडूनच जाड कापडाची एक शिवून घेतली आणि त्यात टॉर्च, बिस्किटं, दोरी, मलमपट्टी भरून ती दाराच्या मागे टांगली. आठवड्याभरात बिस्किटं तिच्या बापानं खाल्ली, टॉर्चचे सेल माझ्या नवऱ्यानं रेडिओत घातले आणि दोरीवर माझे धुतलेले अस्तराचे तुकडे वाळायला लागले. आपत्तीनं पिशवी उघडून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"काकू, उद्या खरंच काही झालं तर?"

"तर तुझा बाप पोटभर जेवलेला असेल," मी म्हटलं.

हसली नाही. तिचं हेच मला छळायचं आणि हेच आवडायचंही. हवामानाबद्दल बोलायला लागली की चहा गार व्हायचा. समुद्र कसा तापतोय, ढग कसे एका जागी फुटतात, पूर्वी महिनाभर पडायचा तो पाऊस आता एका दुपारी कसा पडतो. पंखा बंद करून हे सांगायची, म्हणजे वीज वाचते. घामानं निथळत मी ऐकून घ्यायचे. लोकांना जागं केलं पाहिजे, लहान मुलांपासून सुरुवात केली पाहिजे, शिक्षण हाच उपाय आहे, असं म्हणताना तिचे डोळे असे चमकायचे की मला माझ्या मशीनपाशी चाललेल्या आयुष्याची लाजच वाटायची. वाट्याला येईल त्या शाळेत जाऊन शिकवीन, म्हणाली. वाट्याला आली नेमकी बटणची शाळा.

त्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे रांगेचे भक्त. मुलांना वाचता येतं की नाही हा पुढचा प्रश्न, रांग सरळ हवी. प्रार्थनेला रांग, पाण्याला रांग, घरी जाताना रांग. एखादं मूल शिंकलं तरी रांगेत शिंकावं अशी त्यांची इच्छा. आणि कॉलेजातून पथक घेऊन येणारे प्राध्यापक होते त्यांना सगळे 'समन्वयक सर' म्हणायचे. त्यांचा जीव फोटोत. कार्यक्रम झाला आणि फोटो नाही, तर तो झालाच नाही असा त्यांचा शास्त्रशुद्ध सिद्धान्त होता. या दोघांचं जमलं नसतं तरच नवल.

दोघांनी मिळून आधी हवामान जागृतीचं काम हातात घेतलं. शाळेसमोर नाल्यावर सिमेंटचा स्लॅब टाकून छान चौथरा केला, कडेला कठडा, कठड्यावर हिरवी पृथ्वी रंगवली आणि त्याला 'हवामान चौक' असं नाव दिलं. नाला खालून वाहतोय हे कुणाला दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तोंड अरुंद करून विटा रचल्या. वास येणं बंद झालं. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, निसर्गाशी मैत्री कशी करावी याचा हा आदर्श आहे. आपत्तीनं सरांना विचारलं होतं, पाणी जास्त आलं तर जाणार कुठून? सर म्हणाले, "सकारात्मक विचार कर." ती घरी येऊन हे सांगत होती आणि मी काजं करत होते. मी म्हटलं, सर शिकलेले आहेत, त्यांना कळत असेल.

मग आला आपत्ती सराव. वर्षाला एकच सराव मंजूर होता, म्हणून पूर, भूकंप आणि आग एकाच दिवशी उरकायचं ठरलं. भोंगा वाजला की मुलांनी पाटी-दप्तर टाकून रांगेनं मैदानात यायचं. मैदान शाळेच्या सगळ्यात खोल भागात आहे, पण तिथे उजेड चांगला पडतो, फोटोला बरं. काही मुलांना जखमी करायचं. जखमींनी खालच्या ओळीतल्या हस्तकलेच्या खोलीत जाऊन पडायचं, मग स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन येणार, एकेकाला उचलून मैदानात नेणार, टाळ्या. स्ट्रेचर एकच होतं, तेही कुठल्याशा दवाखान्यातून मागून आणलेलं.

पहिल्या तालमीला फजिती झाली. पाहुणे बघायला आलेले, आणि डोक्याला पट्टी बांधलेला एक जखमी पडून पडून कंटाळला, उठला, नळावर जाऊन पाणी प्यायला आणि पुन्हा येऊन बेशुद्ध पडला. पाहुणे पोट धरून हसले. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. समन्वयक सरांनी आपत्तीला बाजूला घेऊन झापलं की तुला मुलं सांभाळता येत नाहीत, पथकात राहायचंय का? पोरगी रडवेली झाली. त्याच दिवशी तिनं जखमींना समोर बसवून नियम घालून दिला: स्ट्रेचर येईपर्यंत हलायचं नाही. काहीही झालं तरी हलायचं नाही. मुलांकडून तो तिनं पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. आणि पाणी पिणाऱ्याला काढून त्याच्या जागी बटणला घेतलं.

बटण बेशुद्ध पडण्यात इतकी तरबेज निघाली की काय सांगू. घरी माझ्या कापड कापायच्या टेबलावर सराव चालायचा. हात पोटावर, पाय सरळ, डोळे मिटलेले. आपत्ती तळव्यांना गुदगुल्या करायची, नाकाशी दोरा फिरवायची, पोरगी ढिम्म हलायची नाही. नवरा घाबरून म्हणाला, "अगं, श्वास तरी घेतेय का ती?" हलत नाही म्हणून तिला सगळ्यात शेवटी उचलायचं ठरलं, म्हणजे फोटो काढायला सरांना भरपूर वेळ. मुख्य सरावाच्या दिवशी ती सगळं आटोपेपर्यंत तशीच पडून राहिली. पाहुण्यांनी तिच्या गालाला हात लावून शाबासकी दिली, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावलं. जिला वर्गात कुणी ओळखत नव्हतं तिच्यासाठी अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. घरी आली तेव्हा नाचत होती. आपत्तीच्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, मी अजिबात हलले नाही!" मी पाठमोरी होऊन डोळे पुसले. माझ्या मुक्या पोरीला काहीतरी येतंय याचा मला फार आनंद झाला होता.

त्यानंतर भोंगा दर आठवड्याला एकदा वाजू लागला. मुख्याध्यापकांना गोडी लागली होती. रांग मैदानात यायची, जखमी हस्तकलेच्या खोलीत जाऊन पडायचे, आपत्ती येऊन त्यांना उठवायची. बाई रांगेतली मुलं मोजायच्या, आणि आकडा दर वेळी तोच आला की मुख्याध्यापक मान डोलवायचे.

आणि मग ती दुपार आली.

सकाळपासून आभाळ नुसतं गच्च होतं. आमच्याकडे तर पाऊसही फार नव्हता, तो वर डोंगराकडे कोसळत होता. मी एका ब्लाउजची बाही लावत होते, तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. बाहेर येऊन बघते तर नाल्याचं पाणी रस्त्याच्या कडेनं पळत होतं. तपकिरी, फेसाळ, लाकडं आणि बाटल्या घेऊन. हवामान चौकाच्या खाली पाणी तुंबलं होतं, त्याला जायला वाट नव्हती, म्हणून ते बाजूनं फुटून सरळ शाळेच्या पायऱ्या उतरत होतं. कठड्यावरची हिरवी पृथ्वी निम्मी बुडाली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, तशीच मी धावत सुटले.

मुख्याध्यापकांनी भोंगा वाजवला होता. तेवढं त्यांनी वेळेवर केलं, नाही म्हणत नाही. आणि मुलंही शिकवल्याप्रमाणे रांगेनं निघाली होती, सगळ्यात खोल मैदानाकडे. तो आपत्तीचा शिकवायचा दिवस होता, म्हणून ती वरच्या मजल्यावर तक्ते लावत होती. तिनं खिडकीतून बघितलं आणि जिन्यावरून उड्या टाकत खाली आली. मी फाटकाशी पोचले तेव्हा ती शिट्टी फुंकून फुंकून लाल झाली होती आणि रांगेच्या तोंडाशी हात पसरून उभी होती.

"मैदानात नाही! वर! सगळे जिन्यानं वर!"

"अगं पण मार्ग ठरलेला आहे," मुख्याध्यापक म्हणत होते. "भिंतीवर बाण काढलेत!"

"बाण बुडालेत, सर!"

तेव्हा कुठे त्यांनी बघितलं. रांग वळली आणि जिना चढायला लागली. रांग मोडली नाही याचं त्यांना त्याही परिस्थितीत समाधान वाटलं असावं. मी एकेक चेहरा बघत होते. तिसरीची मुलं गेली. बटण दिसली नाही. मी पुन्हा बघितलं.

जिन्याच्या तोंडाशी तिसरीच्या बाई उभ्या होत्या. मी त्यांचा दंड धरला.

"बाई, माझी बटण कुठाय?"

"सगळी बरोबर आहेत," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मी मोजली ना. सरावाला असतात तितकीच भरली."

"पण बटण नाहीये यात!"

"ती रांगेत नसतेच," बाई म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की अजून मला रात्री ऐकू येतं. "ती बेशुद्ध असते."

आपत्ती माझ्या शेजारीच होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. तिनं जिन्यावर बघितलं. बाकीचे जखमी वरच्या कठड्यावरून वाकून पाण्याची गंमत बघत होते. ते कार्टे भोंगा वाजल्यावर खोलीत गेले होते, दाराखालून पाणी आत येताना बघितलं, आणि नियमबियम गुंडाळून मागच्या दारानं वर पळाले होते. ही सगळी नेहमी शिक्षा खाणारी पोरं. एकानं वरून ओरडून सांगितलं, "ताई, बटण आलीच नाही! आम्ही बोलावलं तिला!"

आम्ही दोघी पाण्यात उतरलो. खालच्या व्हरांड्यात माझ्या गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि ओढ अशी की भिंत धरून चालावं लागत होतं. हस्तकलेच्या खोलीचं दार पाण्यानं दाबून बसलं होतं. आपत्तीनं खांदा लावला, मी लावला, दार किलकिलं झालं आणि आम्ही आत घुसलो. पुठ्ठ्याची घरं, रंगाचे डबे, कागदी फुलं, सगळं तरंगत होतं. गणवेश खराब होऊ नये म्हणून जखमींना निजवायला भिंतीकडेला लाकडी बाकं जोडून ठेवलेली होती. त्यावर माझी मुलगी होती.

हात पोटावर, पाय सरळ, डोळे घट्ट मिटलेले. पाणी बाकांवरून वाहत तिच्या कानांपर्यंत आलं होतं आणि वेण्या पाण्यात हलत होत्या. बाकी ती हलत नव्हती. फक्त हनुवटी थरथरत होती.

"बटण! ऊठ!" मी किंचाळले.

नाही उठली.

"बटण, ऊठ गं, मी ताई आहे! ऊठ म्हणते ना!"

तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ जेमतेम हलवून, दात वाजत असताना, ती म्हणाली, "स्ट्रेचर."

स्ट्रेचर मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात होतं. मागून आणलेली वस्तू, खराब होऊ नये म्हणून. माझ्या तोंडून शिवी जाणार होती, पण आपत्तीनं माझ्याकडे असं बघितलं की ती घशातच राहिली. ती पाण्यात गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पोरीच्या पाठीखाली घातले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "आलं हं स्ट्रेचर. बघ, आलं." मी पायाकडून हात घातले. तेव्हा त्या पोरीनं अंग सोडलं. आम्ही तिला तशी आडवीच धरून व्हरांड्यातून, जिन्यावरून वर नेली. वर पोचल्यावर तिनं डोळे उघडले आणि मोठ्यानं रडायला लागली. त्यानंतर थोड्या वेळानं खालच्या ओळीच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं, चिखल बरेच दिवस राहिला. पेपरात बातमी आली की शाळेच्या पूर्वतयारीमुळे सर्व विद्यार्थी सुखरूप, आणि सोबत हवामान चौकाच्या उद्घाटनाचा जुना फोटो. वरून पत्र आलं की शाळेला 'आदर्श पूर्वतयारी' असा पुरस्कार जाहीर झाला आहे. हवामान चौकाचा कठडा मोडला होता, तो पुन्हा बांधायला घेतला. यावेळी पृथ्वी आणखी मोठी काढायचं ठरलं.

आपत्ती चहाला येईनाशी झाली. मीही बोलावलं नाही. खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला होता. मुख्याध्यापकांचा यायला हवा होता, सरांचा यायला हवा होता, पण ते परके, आणि परक्यांवर राग धरायला माझ्याकडे सवड नसते. एक दिवस ती स्वतःच येऊन मशीनपाशी उभी राहिली. जाकीट नव्हतं, शिट्टी नव्हती.

"काकू, मी तिला मारलंच असतं."

नाही गं, असं कसं म्हणतेस, हे माझ्या तोंडून यायला हवं होतं. "हो," मी म्हटलं. मग ती माझ्या पायाशी कापडांच्या ढिगावर बसून रडली आणि मी मशीन बंद करून तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंखा चालू होता. तो तिनं बंद केला नाही.

पुरस्काराचा समारंभ कॉलेजच्या सभागृहात झाला. समन्वयक सरांचं एकच दुःख होतं: एवढी मोठी आपत्ती येऊन गेली आणि हाताशी एकही फोटो नाही. त्यांनी तोडगा काढला. मंचावरच सुटकेचं प्रात्यक्षिक करायचं. बटणनं निजायचं, आपत्तीनं माइकवर आपलं मनोगत वाचायचं, मग स्ट्रेचर यायचं आणि पाहुण्यांनी स्वतः एका बाजूनं धरायचं. मनोगत सरांनीच लिहून दिलं होतं, म्हणजे आपत्तीच्या मनात काय आहे हे तिला वेळेवर कळलं असतं. मला हे आधी कुणीच सांगितलं नाही. बटणला फक्त बक्षीस द्यायचंय असं कळवलं होतं, म्हणून मी तिला नवा फ्रॉक घालून आणलं होतं आणि दुसऱ्या रांगेत बसले होते.

सरांनी बटणला मंचावर बोलावलं, मधे सतरंजी अंथरलेली होती तिकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाळ, झोप बघू तशी. शाब्बास."

आणि ती निजली. एका क्षणाचाही विचार न करता. हात पोटावर, पाय सरळ, डोळे मिटले. चेहऱ्यावर थोडं हसू, कारण हे तिला येतं. मला वाटलं होतं की त्या पाण्यानंतर ती असं कधीच करणार नाही. तसं काही झालेलं नव्हतं. उद्या पुन्हा पाणी आलं तर ही पोरगी पुन्हा अशीच निजणार, हे मला त्या दुसऱ्या रांगेत बसून लख्ख दिसलं.

आपत्ती माइकसमोर होती. हातात सरांचा कागद. तिनं पहिलं वाक्य वाचलं, "आपत्ती ही एक संधी असते," आणि थांबली. खाली सतरंजीकडे बघत राहिली. सभागृहात कुणीतरी खोकलं. मग तिनं माइक काढून हातात घेतला, कागद तिथेच ठेवला आणि बटणच्या शेजारी मांडी घालून बसली.

"बटण, ऊठ."

बटण हलली नाही. "सरांनी सांगितलंय," ती पुटपुटली, आणि ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. लोक कौतुकानं हसले. सरांनी बाजूनं खूण केली, वाच, वाच पुढचं.

"सर चुकलेत," आपत्ती म्हणाली.

हसणं थांबलं. बटणनं एक डोळा उघडला. बघितलं आपत्तीकडे, मग सरांकडे, मग परत आपत्तीकडे.

"सर चुकतात?"

"हो. मोठी माणसं चुकतात. मी तर सगळ्यात जास्त चुकले. तुला हलू नको म्हटलं ते चूक होतं, बटण. पाणी येताना दिसलं की उठून पळायचं. स्ट्रेचरची वाट नाही बघायची, माझीही नाही."

बटण दोन्ही डोळे उघडून छताकडे बघत राहिली. ती विचार करते तेव्हा तिच्या भुवया जवळ येतात, तशा आल्या. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाणी आलेलं. मला खूप भीती वाटत होती. मला पळायचं होतं."

"मग पळाली का नाहीस गं?"

"तू रागावली असतीस ना."

आपत्तीच्या हातातला माइक खाली आला. ती तोंडावर हात धरून तिथेच बसून राहिली. मुख्याध्यापकांना वाटलं प्रात्यक्षिक संपलं, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. समन्वयक सर कॅमेरा घेऊन मंचापाशी धावले, कारण रडणारी स्वयंसेविका आणि निजलेलं मूल असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता.

तेवढ्यात बटण उठून बसली. फ्रॉक झटकला. तिनं आपत्तीच्या खांद्याला हात लावला, थोडा वेळ तशीच थांबली, मग उभी राहिली आणि मंचाच्या पायऱ्यांकडे चालू लागली.

"थांब, थांब, बाळ, एक मिनिट, झोप परत," सर मागून म्हणत होते. तिनं एकदा वळून सरांकडे बघितलं. मग ती पायऱ्या उतरली. मी खुर्चीतून उठून तिच्याकडे गेले.